कानसेनांची बखर

तानसेन सगळ्यांना ठाऊक आहेत. अकबराच्या दरबारातलं ते रत्न. पण त्यांच्या नावाला जुळवून आपल्याकडे आणखी एक शब्द रुळला आहे, तो म्हणजे कानसेन. ज्याला गाता येत नाही, पण ऐकता येतं, तो कानसेन. हा शब्द आपण थोडा थट्टेनेच वापरतो. कुणी विचारलं, 'तुम्ही गाता का?' तर आपण हसून सांगतो, 'नाही हो, आम्ही आपले कानसेन.' जणू काही ऐकणं ही दुय्यम प्रतीची गोष्ट आहे.

श्रोतेहो, संगीताचा इतिहास लिहिला जातो तो गाणाऱ्यांचा. कोण कुणाचा शिष्य, कोणतं घराणं कुठून निघालं, कुणी कोणता राग बांधला, हे सगळं पुस्तकांतून सापडतं. ऐकणाऱ्यांचं घराणं मात्र कुणी नोंदवत नाही. पण समोर ऐकणारा नसेल तर गाणं भिंतींना सांगायचं का? आणि ऐकणाऱ्यानेही नुसतं ऐकून भागत नाही. चांगलं काही कानावर पडलं की ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दोन दर्दी माणसं भेटली की ख्यालीखुशालीनंतरचा पहिला प्रश्न असतो, 'सध्या काय ऐकताय?' या साध्या प्रश्नाला आपल्या मुलखात मोठा इतिहास आहे. तोच आज थोडक्यात सांगायचा आहे.

सुरुवात आमच्या शेजारापासूनच करू. मी गेवराई तालुक्यातल्या उमापूरचा. आमच्या भागातून गोदावरी ओलांडून वायव्येला गेलं की देवगिरीचा किल्ला लागतो. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. शार्ङ्गदेवाकडे राज्याच्या हिशेबाचं खातं होतं. म्हणजे दिवसभर जमाखर्च पाहणारा माणूस. आणि याच माणसाने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. आज उत्तरेकडचे हिंदुस्थानी संगीतवाले आणि दक्षिणेकडचे कर्नाटक संगीतवाले, दोघेही त्याला आपला मानतात.

त्या ग्रंथात शार्ङ्गदेवाने गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत. एक शिकवण्यात तरबेज, दुसरा नक्कल करण्यात हुशार, तिसरा स्वतःच रसात बुडून जाणारा, चौथा लोकांचं रंजन करणारा आणि पाचवा गाण्याला भाव देणारा. यातल्या तिसऱ्याला त्याने नाव दिलं आहे 'रसिक'. आज आपण श्रोत्याला रसिक म्हणतो, पण तो शब्द इथे गायकाला लावलेला आहे. मला यात मोठा अर्थ दिसतो. जो गाताना स्वतःचंच गाणं ऐकत असतो, त्यात रमतो, तो रसिक. गाणारा आणि ऐकणारा यांच्यातली भिंत आठशे वर्षांपूर्वी इथे इतकी पातळ होती.

याच देवगिरीची एक आख्यायिका आहे. इथला गायक गोपाल नायक आणि दिल्लीचे अमीर खुसरो यांचा सामना झाला. खुसरोंनी म्हणे सिंहासनाखाली लपून गोपाल नायकाचं गाणं ऐकलं आणि नंतर ते जसंच्या तसं गाऊन दाखवलं. इतिहासकार या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण लोकांनी ही गोष्ट शेकडो वर्षं सांभाळली. तिच्यात जिंकणारा माणूस आधी ऐकणारा आहे, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

पुढे गाणं दरबारात, सरदारांच्या वाड्यांत आणि सावकारांच्या दिवाणखान्यांत राहिलं. तिथे ऐकायला कोण बसत होतं? ज्याला आमंत्रण असेल तो. बाकीच्यांनी वाड्याच्या भिंतीला कान लावायचे. गावकुसाबाहेरच्या माणसाला तेवढीही मुभा नव्हती. घरच्या बायका पडद्याआड, आणि गाणाऱ्या बायका समोर असल्या तरी समाजाबाहेर. मैफलीची गोडी सांगताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. ऐकणं हा त्या काळी मान होता, हक्क नव्हता.

हे चित्र बदलायला लागलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८७० साली मुंबईत पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी काढली. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला. वर्गणी भरा आणि ऐका. गाणं ऐकण्यासाठी माणसांनी संस्था काढावी, ही आपल्याकडे नवी गोष्ट होती. याच गायन उत्तेजक मंडळीत एक तरुण येऊन बसू लागला. त्याचं नाव विष्णु नारायण भातखंडे. भातखंडे मैफली गाजवणारे गवई नव्हते. ते ऐकणारे होते. गावोगाव हिंडून, उस्तादांच्या दाराशी बसून, कधी मिनतवारी करून, कधी गंडा बांधून त्यांनी शेकडो बंदिशी ऐकल्या, लिहून घेतल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या. घराण्याच्या पेटीत कुलूपबंद असलेली चीज चार आण्यांच्या विद्यार्थ्याच्या हाती आली. त्यांची मतं सगळ्यांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण एका माणसाच्या ऐकण्याने केवढं काम होऊ शकतं, याचं त्यांच्याएवढं उदाहरण दुसरं नाही.

दुसरीकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिकिटाला काही लोकांनी नाकं मुरडली. पण तिकिटाचा एक गुण असतो. ते जात विचारत नाही, पैसे विचारतं. गरिबाची अडचण त्याने सुटली नाही, पण वाड्याचा दरवाजा किलकिला झाला.

मात्र मराठी माणसाचे कान खऱ्या अर्थाने तयार केले ते नाटकाने. १८८० साली किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं. १९११ साली 'मानापमान' आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ साली 'स्वयंवर' आलं, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. हे भास्करबुवा फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन उस्तादांकडे शिकलेले. उस्तादांकडची विद्या त्यांनी बालगंधर्वांच्या गळ्यातून नाटकाच्या तंबूपर्यंत आणली. ज्या माणसाला भीमपलास हे नाव माहीत नाही, तो नाट्यपदामुळे भीमपलास गुणगुणू लागला. आणि इथेच श्रोत्याला स्वतःचा आवाज मिळाला. तो आवाज म्हणजे 'वन्स मोअर'. इंग्रजी शब्द, पण त्याला मराठी थिएटरात जी सत्ता मिळाली ती इंग्लंडातही मिळाली नसेल. पिटातल्या चार आणेवाल्याने हाळी दिली की बालगंधर्वांना थांबून पुन्हा गावं लागे. नाटक रात्रभर चालायचं ते त्यामुळेच. दरबारात राजा मान डोलावी, इथे सामान्य माणूस हुकूम सोडू लागला.

मग आली तबकडी. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. दोन-दोन तास राग मांडणाऱ्या उस्तादांना तीन मिनिटांत सगळं सांगायचं, म्हणजे पोथीचा सारांश पोस्टकार्डावर लिहिण्यासारखं होतं. पण त्या पोस्टकार्डानेच चमत्कार केला. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर आली. गदगच्या एका दुकानात ती वाजत असताना एक लहान मुलगा रस्त्यावर उभा राहून ती ऐकत राही. असं गाता आलं पाहिजे, या ध्यासाने तो १९३३ साली, अकरा वर्षांचा असताना, घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, लखनौ, रामपूर, जालंधर असा हिंडून शेवटी करीमखाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी पोहोचला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. त्या दुकानदाराने तबकडी गिऱ्हाईक यावं म्हणून लावली असेल. त्याला काय ठाऊक, आपण कुणाच्या कानात काय टाकतोय ते!

अब्दुल करीमखाँचं नाव निघालं की मिरजेचा विषय येतोच. उत्तरेतल्या कैराण्यात १८७२ साली जन्मलेला हा माणूस मिरजेचा झाला. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते चिंचेच्या झाडाखाली बसून हजेरी लावत. १९३७ साली दक्षिणेत रेल्वेप्रवासात त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमल कोईल या छोट्या स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना टाकून तंबोरा लावला, दरबारी कानड्यात अल्लाची आळवणी केली आणि तिथेच डोळे मिटले, असं सांगतात. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. आजही उरुसात त्यांच्या नावाने तिथे रात्री गाण्याची सभा होते. तिकीट नाही, खुर्ची नाही. नामवंत कलावंत हजेरी लावून जातात आणि जमिनीवर बसलेले हिंदू-मुसलमान शेतकरी, तंतुवाद्यं बनवणारे कारागीर आणि हमाल दाद देतात. मिरजेतला श्रोता बेसूर खपवून घेत नाही, अशी गवयांत ख्याती आहे. ज्या गावात सतार घडवणारे हात आहेत, तिथले कान तसेच असणार.

आता ऐकून लिहिणाऱ्यांविषयी. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या नावाने 'वसुंधरा' साप्ताहिकात गायकांवर लिहिलं. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत संगीताची शाळा काढली. तिथे विद्यार्थ्यांपेक्षा उस्तादांचा राबता मोठा होता. देवधरांनी सगळ्या घराण्यांचं कान उघडे ठेवून ऐकलं आणि 'थोर संगीतकार' मध्ये त्यांची शब्दचित्रं लिहून ठेवली. १९६१ साली वामनराव देशपांडे यांचं 'घरंदाज गायकी' आलं. घराण्यांची सौंदर्यदृष्टी उलगडून दाखवणारं हे पुस्तक लिहिणारा माणूस पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होता. शार्ङ्गदेवही हिशेबाच्या खात्यातला, वामनरावही हिशेबाच्या खात्यातले. सात शतकांच्या अंतराने दोन हिशेबनीसांनी आपल्याला गाणं समजावून सांगावं, याचं मला नेहमी नवल वाटतं. इंदूरचे रामूभैया दाते तर काही लिहीतही नव्हते. ते नुसते ऐकत, दाद देत, आणि एकाचं गाणं दुसऱ्याच्या कानी घालत. पु. ल. देशपांड्यांनी 'गणगोत' मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. एका श्रोत्यावर लिहिलेला तो लेख मराठी वाचकांनी एखाद्या गायकाच्या चरित्रासारखा जपला आहे.

आणि कुमार गंधर्व? देवधरांच्या शाळेत वाढलेला हा विलक्षण गायक ऐन तारुण्यात क्षयाने आजारी पडला. देवासला काही वर्षं अंथरुणाला खिळून होता. गायला बंदी. मग त्याने काय केलं? तो ऐकत राहिला. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची माळव्यातली लोकगीतं, पाखरांचे आवाज, फिरस्त्या नाथपंथी जोग्यांची भजनं. १९५३ च्या सुमारास बरे होऊन ते पुन्हा गायला बसले, तेव्हा हे सगळं ऐकलेलं गाण्यात उतरलं. त्यातून नवे राग निघाले, निर्गुणी भजनांना नवा सूर सापडला. कुमारांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी मैफल त्यांनी गायलेली नव्हे, ऐकलेली आहे, असं म्हटलं तर वावगं होऊ नये.

इथवर मी पुणे, मुंबई, मिरज, देवास सांगितलं. तुम्ही म्हणाल, उमापूर कुठे आहे? उमापूरपर्यंत हे सगळं पोहोचलं ते रेडिओने.

मुंबईत नभोवाणी सुरू झाली १९२७ साली. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. पश्चिमेला शेवगाव तालुका इंग्रजांकडे आणि आमची गेवराई हैदराबाद संस्थानात. निजामाचंही रेडिओ केंद्र होतं हैदराबादला, आणि औरंगाबादलाही एक होतं. पण रेडिओचा संच कुणाकडे? एखाद्या देशमुखाकडे किंवा सरकारी अंमलदाराकडे. स्वातंत्र्यानंतर गावोगाव सार्वजनिक रेडिओ आले आणि साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला. १९६८ साली परभणी केंद्र झालं, १९७६ साली औरंगाबाद केंद्र झालं. मग चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर शेतात, बैलगाडीत, पानपट्टीवर सगळीकडे दिसू लागला. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन दिवस निघत.

रेडिओने काही चुकाही केल्या. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीतून आपल्या श्रुती निघत नाहीत, ती परकी आहे, असं कारण. साथीसाठी ही बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे आमच्या भजनी मंडळात जी पेटी राज्य करत होती, तिला तीस वर्षं रेडिओच्या दारात मज्जाव होता. स्वातंत्र्याच्या सुमारास गाणाऱ्या बायकांच्या खाजगी आयुष्यावर बोट ठेवून अनेकींना दार बंद केलं गेलं. ज्यांनी ठुमरी-दादरा जपला, त्यांनाच बाहेर काढलं.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर कैवारी. त्यांच्या कारकिर्दीत सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली आणि लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली. पण याच केसकरांच्या काळात, २० जुलै १९५२ रोजी, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री साऱ्या देशाने एका वेळी एकच राग ऐकायचा. केसकरांचं असंही मत होतं की, मुसलमान उस्तादांच्या हाती आपल्या संगीताची पीछेहाट झाली. हे वाचून मला वाईट वाटतं, पण मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. कारण त्यांच्याच राष्ट्रीय कार्यक्रमाने उस्तादांचे आवाज आमच्या घरापर्यंत आणले. मताच्या भिंतीपेक्षा सुराची लहर उंच असते.

आणि रेडिओवर सगळ्यात आधी जी धून वाजायची, ती? सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी ती व्हायोलिनची धून वॉल्टर कॉफमन यांनी बांधली, असं मानलं जातं. कॉफमन हे ज्यू. हिटलरच्या छळाच्या सावटातून निघून १९३४ साली प्रागहून मुंबईला आलेले निर्वासित. ती धून शिवरंजनी रागावर आधारलेली आहे, असं सांगतात. एका परागंदा माणसाने आपल्या अख्ख्या देशाला जागं करायची धून द्यावी! त्याला हा राग कुणीतरी ऐकवला असेलच ना?

ऐंशीच्या दशकातलं आमचं गाव आठवतं. आमच्या आळीत एका शिंप्याचं दुकान होतं. त्यांना सगळे चाचा म्हणत. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण शनिवारचा राष्ट्रीय कार्यक्रम कधी चुकवला नाही. मशीन बंद करून, कंदिलाची वात बारीक करून ते ऐकत बसत. आम्ही पोरं उंबऱ्यावर. रविवारी सकाळी भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा दुकानात येत. बसायच्या आधी विचारत, 'काय चाचा, रात्री ऐकलं का?'

'ऐकलं ना बुवा. मालकंस होता.'

'मला वाटलंच. आपल्या त्या अभंगाची चाल त्यातलीच आहे.'

मग बुवा टेबलावर बोटं नाचवत अभंग गुणगुणायचे आणि चाचा रात्रीच्या उस्तादाची तान आपल्या घोगऱ्या आवाजात काढून दाखवायचे. दोघांनाही शास्त्र येत नव्हतं. पण एकाला कीर्तनातली भैरवी ठाऊक होती, दुसऱ्याला उरुसातली कव्वाली. दोघांच्या मधे एक रेडिओ. गाण्याचं माझं सगळं शिक्षण या दुकानात झालं. बी.ए.ची पदवी नंतरची. विविध भारतीवरच्या 'संगीत सरिता'ने रागांची नावं शिकवली, पण कान उघडले ते या दोघांनी.

डिसेंबर १९९२ मधले ते आठवडे ज्यांनी पाहिले, त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या गावात काही घडलं नाही, पण माणसं एकमेकांकडे बघायची थांबली होती. बाजार लवकर उठे. अशाच एका रविवारी चाचा दुकानाची एकच फळी उघडून बसले होते. बुवा आले. नेहमीसारखेच उभ्या-उभ्या म्हणाले, 'काल काय होतं चाचा? आमचे सेल गेले.' चाचांना लगेच बोलता आलं नाही. मग म्हणाले, 'बसा बुवा, सांगतो.' त्या दिवसापुरतं सांगायचं तर, गावातली भीती तिथे बसली. कुणाचं भाषण झालं नाही, शांतता समिती आली नाही. एका कानसेनाने दुसऱ्या कानसेनाला नेहमीचा प्रश्न विचारला, एवढंच झालं. दोघेही आता हयात नाहीत. पण ऐकण्याचा इतिहास का सांगायचा, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर हे आहे.

आमच्या मराठवाड्यात मैफली कमी, पण कान घडवणारी माणसं होती. नांदेडात जन्मलेले नाथराव नेरळकर अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले आणि औरंगाबादेत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. २०२१ साली ते गेले. त्यांच्या शिष्यांतले काही गायक झाले, पण त्याहून अधिक चांगले श्रोते झाले. शिक्षकाची ही कमाई कुठल्या पुरस्काराच्या यादीत येत नाही.

दुसऱ्याला ऐकवण्याच्या या ओढीने आपला आवाज किती दूर पोहोचावा? १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. कधी काळी कुणी परग्रहवासी भेटला तर पृथ्वीवरचं संगीत कसं होतं हे त्याला कळावं म्हणून तिच्यात साधारण दीड तासाचं, जगभरातलं निवडक संगीत भरलं. भारतातून एकच आवाज घेतला, गोव्याच्या केसरबाई केरकर यांचा. राग भैरवी. रॉबर्ट ब्राउन नावाच्या एका अमेरिकी संगीत-अभ्यासकाने आग्रह धरला की हीच तबकडी हवी. शोधाशोध झाली. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. पहिल्या क्रमांकाचं यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला. ते यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं आणि अजून पुढेच चाललं आहे. आपल्याकडे मैफल संपवताना भैरवी गातात. ही भैरवी मात्र संपायची नाही. आणि ती तिथवर गेली कशामुळे? एका श्रोत्याला वाटलं, हे आणखी कुणीतरी ऐकलं पाहिजे.

आता आजची गोष्ट. १९५३ साली सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू झालेला महोत्सव आजही भरतो. आता त्याच्या नावात भीमसेनजींचंही नाव आहे. पूर्वी तो रात्रभर चालायचा, पहाटेच्या रागाने संपायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. नियम चुकीचा नाही. आजाऱ्याला, अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप हवीच. पण त्यामुळे मध्यरात्रीचा दरबारी आणि उत्तररात्रीचा मालकंस त्यांच्या वेळेला हजारो माणसांत बसून ऐकणं जवळपास संपलं. सवलतीच्या मोजक्या रात्री सोडल्या तर ते राग आता संध्याकाळीच उरकून घ्यावे लागतात.

दुसरीकडे, ऐकायला आज काहीच कमी नाही. कॅसेट आली आणि गेली, सीडी आली आणि गेली. आता आमच्या भागातून कारखान्याला ऊस तोडायला जाणाऱ्या पोराच्या खिशातल्या फोनमध्ये करीमखाँ, केसरबाई, कुमार सगळे आहेत. ज्या गाण्यासाठी भातखंड्यांना उस्तादांचे उंबरे झिजवावे लागले, ते बोटाच्या टोकावर आहे. वाड्याचा दरवाजा नुसता किलकिला नव्हे, भिंतीसकट पडला. याचा मला मनापासून आनंद आहे. ज्यांच्या आजोबांना मैफलीच्या अंगणात पाय ठेवता येत नव्हता, त्यांचा नातू फडाच्या बांधावर बसून मारवा ऐकू शकतो, ही लहान क्रांती नाही.

पण एक गोष्ट खटकते. ते बोंडूक कानात घातलं की शेजारच्याला कळत नाही आपण काय ऐकतोय. चाचांचा रेडिओ अख्ख्या आळीचा होता. त्यातून जे यायचं ते कुणी निवडलेलं नसायचं, म्हणून नको असलेलंही कानावर पडायचं आणि हळूहळू आवडायला लागायचं. फोन मला जे आवडतं तेच पुन्हा पुन्हा ऐकवतो. माझ्या आवडीचं कुंपण घट्ट करतो. बुवांना कव्वाली आणि चाचांना अभंग त्याने कधी ऐकवलाच नसता.

म्हणून श्रोतेहो, एक सुचवावंसं वाटतं. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही, यंत्र आपलंच आहे. आठवड्यातून एकदा, निदान रविवारी, कानातलं काढावं आणि दुसऱ्या कुणाला तरी ऐकवावं. घरातल्या म्हाताऱ्याला, दुकानातल्या पोऱ्याला, जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्याला. त्याला राग कळतो की नाही, हे विचारू नये. त्याचं नाव, त्याचा देव हेही विचारायचं कारण नाही. आणि तो काय ऐकतो हेही ऐकून घ्यावं, आवडलं नाही तरी पाच मिनिटं. इतकं केलं तरी कानसेनांचं घराणं पुढे चालेल. या घराण्याला गंडा लागत नाही, गुरुदक्षिणा लागत नाही. फक्त बसायला थोडी जागा करून द्यावी लागते.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)